तुझी हरकत उठली, भागवत

भागवत, आज सकाळी तुझी हरकत उठली.

मी उठवली नाही, कुणीच उठवली नाही. पुण्याच्या ऑफिसनं तुझं खातं बंद केलं, आणि खातं बंद झालं की त्या माणसानं जिथं जिथं 'थांबा' म्हटलेलं असतं ते सगळं आपोआप पुसलं जातं, हे मला आजच कळलं. लॅपटॉप उघडला तर तुझ्यामुळे अडून राहिलेला माझा कोडमधला बदल हिरवा, म्हणजे मोकळा, होऊन बसला होता. आता नुसतं एक बटण दाबायचं, की काम तपासायला तू लिहिलेल्या सगळ्या टेस्ट जातील आणि त्यांच्या जागी माझ्या येतील. खाली टीमच्या लीड मॅडमचा निरोप होता: घाई नाही, पण आता अडचण राहिलेली नाही, जमेल तसं आत घ्या. बाई भली आहे, तू गेल्याचं कळल्यावर फोनवर रडली होती. तिच्या मनात काही नसणार. पण 'अडचण' हा शब्द वाचला आणि मी लॅपटॉप मिटून खाली चहाला गेलो.

म्हणजे आपलं भांडण मी जिंकलो. इतकी वर्षं डोकं फोडून जे जमलं नाही ते तू गेल्यावर बसल्या जागी झालं. तुला माझा स्वभाव माहीत आहे, जिंकल्यावर मी गप्प बसत नाही, चार जणांना सांगतो. पण सांगू कुणाला? आपण काय काम करतो हे या वडवणी तालुक्यात दोनच माणसांना कळत होतं. त्यातला एक तू होतास.

बाकीच्यांना आपण 'काम्पुटरवर' असतो, एवढंच माहीत. माझी बायकोसुद्धा पाहुण्यांना सांगते, ह्यांचं ते पुण्याचं ऑनलाइन काम आहे. तुझे तर त्यापायी मुलगी बघायला गेलास तिथं हाल झाले. मुलीच्या मामानं विचारलं, नेमकं करता काय, आणि तू इमानदारीत सांगायला बसलास. एका मोठ्या काम्पुटरच्या पोटात बरेच काम्पुटर चालवता येतात, ते खरे नसतात पण खऱ्यासारखे वागतात. त्यातल्या काहींना असं कुलूप असतं की मोठ्या काम्पुटरच्या मालकालाही आत काय आहे ते दिसत नाही. ते कुलूप धड आहे का, हे मी तपासतो. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन मध्यस्थाला म्हणाला, पोरगा चांगला आहे, पण कुलपं दुरुस्त करून संसार कसा चालायचा? तू ही गोष्ट मला बाजारच्या दिवशी एसटी स्टँडसमोर भजी खाताना सांगितलीस आणि आपण दोघं ठसका लागेस्तोवर हसलो. नंतर तू हळूच म्हणालास, "पोरगी बरी होती बे." ते मी हसण्यावारी नेलं. आज ते आठवतं आणि वाटतं, तेव्हा एक मिनिट गप्प बसायला हवं होतं.

आणि खरं सांगू, ते कुलूप मला स्वतःला समजलं ते तुझ्यामुळे. कागदोपत्री सगळं वाचलं होतं मी. किल्ली प्रोसेसरच्या आत असते, मेमरी बाहेरून वाचली तर नुसता कचरा दिसतो, वगैरे. पण पटत नव्हतं. ज्याचं मशीन त्यालाच आतलं दिसत नाही, हे कसं? तेव्हा तू तुझ्या आईची पेटी सांगितलीस. दिवाळी झाली की तुम्ही सगळे ऊस तोडायला जायचात. घराची किल्ली शेजारी द्यायची, म्हणजे कुणी दिवा लावील, उंदीर-घूस बघील. पण पत्र्याची पेटी सोबत ट्रॅक्टरवर चढायची आणि तिची किल्ली तुझ्या आईच्या, म्हणजे मावशींच्या, गळ्यातल्या पोतीत ओवलेली असायची. कारखान्यावर गेल्यावर जागा दुसऱ्याची, पाचटाची कोपी दुसऱ्याच्या रानात, पेटीची किल्ली मात्र आपल्या गळ्यात. "जागा कुनाची का आसंना," तू म्हणालास, "पेटी आपली हाय. बास, एवढंच हाय ते." एवढंच होतं ते. मला त्याआधी आठवडाभर समजलं नव्हतं, आणि वर्गात माझा नंबर तुझ्या पुढे असायचा.

त्या दिवसापासून तुझ्या टेस्टमध्ये मोठं मशीन 'घरमालक' झालं आणि आतलं 'भाडेकरू'. कोड इंग्रजीतच, पण नावं सगळी आपली. दोन मोठी मशीन लागली तर एकाचं नाव वडवणी, दुसऱ्याचं दिंद्रुड. पुण्यातल्या पोरांनी विचारलं, हे दिंद्रुड काय आहे? तू लिहिलंस, माजलगाव तालुक्यातलं मोठं गाव आहे, बाजार चांगला भरतो. त्यावर कुणी पुढे विचारलं नाही.

मला ते आवडायचं नाही, हेही मी तोंडावर सांगितलं होतं. तुझी एकेक टेस्ट पानभर. प्रत्येकीत पहिल्यापासून सगळं: घरमालक उभा राहिला, भाडेकरू आला, पेटी ठेवली, कुलूप लावलं. अरे, पन्नास टेस्टमध्ये पन्नास वेळा तेच कशाला? जे सारखं आहे ते एका ठिकाणी गुंडाळून ठेव आणि नाव घेऊन बोलाव, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. मी दहा ओळींचं काम दोन ओळींत करायचो आणि मिशीला पीळ द्यायचो. तू माझ्या दोन ओळी बघायचास आणि म्हणायचास, "लई भारी. आता वाचून दाखीव."

ही तुझी वाचून दाखवायची खोड. सुरुवात झाली ती नाइलाजानं. तू गावाकडे, मी वडवणीत, आणि तुझ्या गावची लाइट म्हणजे पाहुणी, आली तर आली. लाइट गेली की टॉवर मरायचा, नेट मरायचं, नुसता साधा फोन कसाबसा लागायचा. मग मी माझी टेस्ट तुला फोनवर मराठीत वाचून दाखवायची, आणि तू प्रत्येक ओळीला तिकडून "हां" म्हणायचं. गोष्ट सांगताना समोरच्यानं हुंकार द्यावा तसं. कोपीत आई गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार थांबला की ती गोष्ट थांबवायची, असं तू म्हणायचास. तुझाही तोच नेम. ज्या ओळीला तुझं "हां" आलं नाही, तिथं काहीतरी चुकलेलं असायचं. पुढे तुझ्या गावची लाइट सुधारली, पण खोड गेली नाही. फोनवर वाचता येत नाही ते लिहायचं नाही, हा तू कायदाच करून टाकलास, आणि मी कुरकुरत तो पाळला.

पाळला, कारण एकदा त्यानं माझी लाज वाचवली होती. ती रिकाम्या पेटीची गोष्ट. मी लई हुशारीनं एक टेस्ट लिहिली होती. भाडेकरूची गुप्त खूण घरमालकाच्या मेमरीत कुठं सापडते का ते शोधायचं. सापडली नाही तर कुलूप पक्कं. तीनच ओळी. महिनाभर ती रोज हिरवी, म्हणजे पास. मी पुण्याला सांगूनही टाकलं होतं की हा भाग झाला. मग एका दुपारी तुझ्याकडे लाइट नव्हती आणि मी ती तुला वाचून दाखवली. भाडेकरू येतो. "हां." घरमालक सगळं घर धुंडाळतो. "हां." खूण सापडत नाही, टेस्ट पास. तिकडून काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग तू म्हणालास, "म्हाद्या, पेटीत आदी काय ठिवलंय का?"

नव्हतं ठेवलं. खूण ठेवायची ओळ माझ्या गुंडाळलेल्या कोडमध्ये कुठंतरी होती आणि ती चालतच नव्हती. पेटी रिकामी ठेवून मी महिनाभर कुलपाची तारीफ करत होतो. कुलूप लावायचंच विसरलं असतं तरी माझी टेस्ट हिरवीच राहिली असती. तू हसला नाहीस. उलट म्हणालास, हे डोळ्याला दिसत नसतं, कानाला ऐकू येतं. पुण्याला तू कधीच सांगितलं नाहीस की चूक माझी होती. मी त्याबद्दल तुला कधी नीट धन्यवादही दिले नाहीत. दोस्तीत धन्यवाद काय द्यायचे, असं आपण म्हणतो आणि राहूनच जातं.

आणि इतकं होऊनही मी सुधारलो नाही. गेल्या महिन्यात मी तो मोठा बदल केला. तुझ्या सगळ्या पानभर टेस्ट काढल्या, सारखं ते एकत्र केलं, आणि उरलं ते एका तक्त्यात बसवलं. आकडे नि खुणा, आडव्या-उभ्या. देखणं दिसत होतं, आजही दिसतं. तुला न विचारता केलं, कारण विचारलं असतं तर तू वाचायला लावलं असतंस. तो तक्ता फोनवर वाचता येत नाही हे मला करतानाच माहीत होतं. तू तो उघडलास, 'थांबा' लावलंस आणि खाली एकच ओळ लिहिलीस: 'फोन कर. वाचून दाखव.'

मी फोन केला नाही.

राग आला होता मला. वाटलं, हा कोण माझी परीक्षा घेणार? आणि त्याखाली मी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की आपण गोष्टी लिहायला बसलेलो नाही, ज्याला कोड वाचता येत नाही त्यानं आधी शिकावं. तुला, जो माझ्या चुका कानानं धरायचा, त्याला मी हे लिहिलं. तू उत्तर दिलं नाहीस. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. मी मनात म्हटलं, करू दे त्यालाच फोन. गुरुवारी सकाळी तुझ्या चुलतभावाचा फोन आला.

तू अंघोळीचं पाणी काढायला उठला होतास म्हणे. छातीत जळजळतंय असं मावशींना दोन-चार दिवस सांगत होतास. मला नव्हतं सांगितलंस. की सांगत होतास आणि मी ऐकलं नाही? त्याआधीच्या बाजाराला तू माझ्या खोलीचा जिना चढून आलास, वांग्यांची पिशवी खाली ठेवलीस आणि बराच वेळ खांबाला टेकून उभा राहिलास. मी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, बरा आहेस ना? तू म्हणालास, "मस्त हाय बे. वांगी जड हायेत." माझं समाधान झालं. रोज सकाळी आपण हेच करायचो: बरा ना, मस्त. एकमेकांना पास करून कामाला लागायचो. मी विचारत होतो खरं, पण उत्तरासाठी थांबत नव्हतो. तुझी पानभर टेस्ट मी तुझ्यावर एकदाही चालवली नाही, भागवत. माझीच तीन ओळींची चालवली आणि हिरवं बघून खूश झालो.

तेराव्याला मी वाढायला होतो. पंगत उठल्यावर मावशींनी मला आत बोलावलं. तुझा फोन त्या चार्जिंगला लावून ठेवतात, पेटीवर. बोलायला कुणी नाही, तरी लावतात. मला म्हणाल्या, "तीन दिस तुजा फोन न्हाई आला, तर त्यो म्हनला, म्हाद्या रुसलाय वाटतं. यील म्हनला आपसूक." एवढंच. त्यांनी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, मी तिथंच बसून रडलो असतो. मी मान हलवली आणि पत्रावळ्या उचलायला बाहेर आलो.

तेव्हापासून ही खोली आहे आणि मी आहे. खाली खताच्या दुकानात दिवसभर माणसं येतात, वर कुणी येत नाही. काम चालू आहे, टेस्ट चालतात, पुण्याची माणसं चांगली वागतात. पण एखादं काही सुचलं की हात फोनकडे जातो आणि परत येतो. बोलायला घर आहे, गाव आहे, भाऊबंद आहेत. वाचून दाखवायला कुणी नाही. हे दुःख कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, याचं डोकं फिरलं. तुला सांगतो, कारण तुला कळेल, आणि तू उत्तर देणार नाहीस हे विसरून सांगतो.

आज चहा पिऊन वर आलो. लॅपटॉप उघडला. बटण हिरवंच होतं. आधी तुझ्या टेस्ट एकदा वाचायच्या ठरवल्या, काढून टाकण्याआधी. मोठ्यानं वाचायला लागलो, दार लावून, म्हणजे खालच्याला ऐकू जाऊ नये. पहिलीच होती पेटी गावाला न्यायची. वाचता वाचता मी प्रत्येक ओळीनंतर थांबत होतो, हे पाचव्या-सहाव्या ओळीला लक्षात आलं. हुंकारासाठी थांबत होतो. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मग माझा तक्ता वाचायला घेतला. पहिल्या आडव्या ओळीलाच अडलो. तिसरा रकाना कशाचा, मलाच आठवेना. तो करून महिनासुद्धा झाला नव्हता.

मी माझा बदल मागे घेतला. 'आत घ्या'च्या शेजारी 'मागे घ्या' असतं, आजवर मी कधी दाबलं नव्हतं. लीड मॅडमला कळवलं की अडचण होती, आणि ती बरोबर होती. तुझ्या टेस्ट जागच्या जागी आहेत. दिंद्रुड तिथंच आहे. तरी जिवाला चैन पडेना. तू टेस्ट वाचवायला सांगितलं नव्हतंस. फोन करायला सांगितलं होतंस.

म्हणून फोन केला. तुझ्याच नंबरावर. स्क्रीनवर तुझं नाव आलं आणि घंटा वाजायला लागली. मावशींनी उचलला. म्हाद्या का, म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, भागवतनं एक वाचून दाखवायला सांगितलं होतं, राहून गेलं. मला वाटलं त्या काय म्हणतील आता. इतकी वर्षं तू फोन स्पीकरवर ठेवून बसायचास, त्या शेजारी शेंगा फोडत असायच्या. त्यांना हे सगळं पाठ आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. म्हणाल्या, "वाच. आयकत्ये मी."

मी तुझी टेस्ट वाचली. वडवणीला एक घरमालक आहे.

"हां."

दिंद्रुडला दुसरा घरमालक आहे. "हां." वडवणीत एक भाडेकरू उतरतो. "हां." तो आपल्या पेटीत एक खूण ठेवतो. खूण आत आहे ना, ते आधी बघून घेतो. "हां," त्या जरा जोरात म्हणाल्या. घरमालक सगळं घर धुंडाळतो, त्याला ती सापडत नाही. भाडेकरू पेटी घेऊन दिंद्रुडला जातो. वाटेत पेटी कुणाला उघडता येत नाही. तिथं पोचल्यावर तो ती स्वतः उघडतो. खूण जशीच्या तशी आहे.

शेवटच्या ओळीला हुंकार आला नाही. मी थांबलो. तुझा कायदा मला माहीत आहे, म्हणून पुन्हा पान बघितलं, काही चुकलं का वाचताना. काही चुकलं नव्हतं. तिकडे कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता.

मग त्यांनी विचारलं, "तू बरा हाय का रे?"

'मस्त' तोंडावर आलं होतं, भागवत. सवयीनं. ते गिळलं.

"न्हाई, मावशी," मी म्हणालो.

तिकडून "हां" आलं. आणि त्या पुढचं ऐकायला थांबल्या.